खाडीवरच्या यंत्रांची ओएस: कॉमेंट आणि कागदपत्रं लावायच्या नोंदी

4 जून

पाऊस लागला की धक्क्यांवरची कामं बंद पडतात आणि रत्नागिरीच्या ऑफिसात बसून करायच्या कामांना वेळ मिळतो. या पावसाळ्यात नवीन फीचर घ्यायचं नाही, असलेल्या कोडची कागदपत्रं लावायची, असं ठरलं. गोवळकोट आणि दाभोळच्या धक्क्यांवर आपली पाणीपातळी मोजणारी यंत्रं बसली आहेत. त्यांच्यात चालणारी छोटी ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आपलीच: टास्क (एकेक वेगळं चालणारं काम), त्यांच्यात निरोप नेणाऱ्या रांगा, टायमर, आणि त्यावर सेन्सर आणि मोडेमचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारा कोड. तिच्याबद्दलची माहिती सध्या हेडर फाइलींत (फंक्शनं कशी बोलवायची ते सांगणाऱ्या) आहे, सी फाइलींत (प्रत्यक्ष कोडच्या) आहे, सामायिक ड्राइव्हवरच्या वर्ड फाइलींत आहे, आणि बरीचशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे.

घाईचं कारण असं की दिवाळीनंतर अल्ट्रासॉनिक (ध्वनीने अंतर मोजणारा) सेन्सर काढून रडार सेन्सर लावायचा आहे आणि त्याचा ड्रायव्हर मालवणची टीम लिहिणार आहे. ती मंडळी आमच्या शेजारी कधी बसलेली नाहीत. त्यांनी आम्हाला फोन न करता, नुसती रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा सगळा साठा, वाचून ड्रायव्हर उभा करावा. आपलं काम जमलं की नाही ते तेव्हा कळेल.

वरून डोंगरातला पाऊस आणि खालून खाडीची भरती एकदम आली की काय होतं ते चिपळूणने 22 जुलै 2021 ला पाहिलं आहे. या यंत्रांच्या आकड्यांकडे रात्री लोक बघत बसतात. म्हणून कोडमध्ये काय लिहिलंय इतकंच, त्याच्या शेजारच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे माणसांसाठीच्या टिपेत, काय लिहिलंय तेही मला महत्त्वाचं वाटतं. पुढचा माणूस कोड बदलताना आधी कॉमेंटवरच विश्वास टाकतो.

6 जून

छोट्या यंत्रांसाठीच्या इतर ओएसनी (फ्रीआरटीओएस, नटएक्स, झेफिर) हे कसं लावलंय ते दिवसभर वाचलं.

फ्रीआरटीओएसमध्ये बरीच माहिती नावातच भरलेली आहे. इंटरप्टमधून (चालू काम अडवून हार्डवेअरने मागितलेल्या तातडीच्या कामातून) बोलवायची फंक्शनं वेगळी, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्रॉमआयएसआर’ असतंच; आयएसआर म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड. नावाच्या सुरुवातीला ‘व्ही’ दिसला की फंक्शन काही परत देत नाही. कॉमेंट न वाचणाऱ्यालाही एवढं कळतं. नटएक्समध्ये प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर ठराविक साच्याचा चौकोन असतो: नाव, वर्णन, आत येणारे पॅरामीटर, परत येणारी किंमत. झेफिरची मांडणी मला सगळ्यात पटली. तिथे एपीआयची, म्हणजे बाहेरून बोलवायच्या फंक्शनांची, माहिती हेडरमध्ये डॉक्सिजन या, कॉमेंटवरून पानं तयार करणाऱ्या साधनासाठीच्या कॉमेंटमध्ये राहते, लांबलचक समजावणी डॉक नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या मजकूर फाइलींत राहते, आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकाच साइटवर मिळतात.

संध्याकाळी आमचं ठरलं ते असं. बोलावणाऱ्याला जे माहीत असायला हवं ते हेडरमध्ये. आतलं काम असंच का केलंय ते सी फाइलमध्ये, त्या ओळीच्या लगेच वर. एकापेक्षा जास्त फाइलींत पसरलेली गोष्ट, म्हणजे यंत्र चालू झाल्यापासून पहिलं मोजमाप सर्व्हरला पोचेपर्यंतचा प्रवास वगैरे, डॉक फोल्डरमध्ये. आणि कुठलीही माहिती एकाच जागी लिहायची, बाकी ठिकाणाहून तिच्याकडे बोट दाखवायचं.

नमुना म्हणून टास्क तयार करण्याचं फंक्शन घेतलं. त्यात स्टॅकचा, म्हणजे टास्कला कामापुरत्या मिळणाऱ्या मेमरीचा, आकार द्यावा लागतो, आणि हेडरमध्ये कॉमेंट होती ती एवढीच: ‘स्टॅकचा आकार’. कशात? आपल्याकडे तो शब्दांत आहे, म्हणजे 32 बिटांच्या चिपवर चार-चार बाइटच्या घरांत. मूळ फ्रीआरटीओएसमध्येही तसंच. पण ईएसपी32 या चिपबरोबर जी फ्रीआरटीओएस येते तिच्यात हाच आकडा बाइटमध्ये द्यायचा असतो, आणि आजकाल कॉलेजातून येणारा प्रत्येकजण ईएसपी32 वरच शिकून येतो. असा कोणी सवयीने 2048 लिहील आणि आपल्या एसटीएम32एफ103 या चिपच्या 20 केबी रॅममधले 8 केबी एकट्या टास्कला देऊन बसेल. कंपायलर हूं की चूं करणार नाही. आता पॅरामीटरचं नावच ‘स्टॅक वर्ड्स’ केलंय आणि कॉमेंटमध्ये उदाहरण टाकलंय: 256 म्हणजे 1024 बाइट.

10 जून

डॉक्सिजन लावलं. पहिल्या धावेत पानं जवळजवळ रिकामी आली. सी भाषेतली मोकळी फंक्शनं, मॅक्रो (कंपायलरच्या आधी मजकुरात बदलून टाकली जाणारी नावं), एनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) यांच्यावर कितीही चांगली कॉमेंट असली तरी ती ज्या फाइलीत आहेत तिच्यावर ‘फाइल’ हा टॅग नसेल तर डॉक्सिजन त्यांना पानावर घेत नाही. आमच्या बऱ्याच हेडरवर तो नव्हता. टाकला.

वर्ड फाइलींमध्ये एक जुनं सेटिंग सुचवलेलं सापडलं, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ चालू ठेवा म्हणून. त्याने पानं भरलेली दिसतात खरी, पण कॉमेंट नसलेल्या फंक्शनबद्दलच्या सूचनाही त्याबरोबर बंद होतात. आपल्याला नेमक्या त्या सूचनाच हव्या आहेत. बंद ठेवलं.

16 जून

आजचं काम मनाजोगं झालं.

एम्बेडेड ओएसमध्ये फंक्शन वापरणाऱ्याला पडणारे खरे प्रश्न थोडेच असतात. हे इंटरप्टमधून बोलावलं तर चालेल का? हे वाट पाहत थांबतं का, आणि किती वेळ? दिलेला बफर (डेटा ठेवलेली मेमरी) कोणाच्या ताब्यात जातो? शेड्युलर (कुठलं टास्क कधी चालवायचं ते ठरवणारा भाग) सुरू होण्याआधी बोलावलं तर काय होईल? पॅरामीटरच्या प्रकारावरून यातलं काहीच कळत नाही. आणि आमच्या जुन्या कॉमेंट मात्र फंक्शनचं नावच पुन्हा इंग्रजी वाक्यात लिहीत होत्या: ‘रांगेत पाठवा’ या फंक्शनवर ‘रांगेत पाठवतं’.

झेफिरमध्ये यासाठी छोट्या खुणा आहेत; ‘आयएसआर ओके’ ही त्यातली एक. डॉक्सिजनच्या अलायस सेटिंगमधून आपणही स्वतःच्या खुणा बनवल्या. ‘आयएसआर चालेल’, ‘थांबतं’, ‘शेड्युलरआधी चालेल’ आणि ‘बफर ताब्यात घेतं’. त्यांना ‘एक्सरेफआयटम’ हा डॉक्सिजनचा आदेश जोडला की प्रत्येक खुणेचं वेगळं पान आपोआप तयार होतं. इंटरप्टमधून काय काय बोलावता येतं त्याची पूर्ण यादी आता एका जागी दिसते आणि ती हाताने सांभाळावी लागत नाही.

खुणा लावताना प्रत्येक फंक्शन आतपर्यंत वाचावं लागलं. इंटरप्टच्या प्राधान्याचं पान त्यातूनच निघालं. कॉर्टेक्स-एम या आपल्या चिपमधल्या प्रोसेसरमध्ये लहान आकडा म्हणजे वरचं प्राधान्य, हे नवख्याला उलटं वाटतंच. त्यात आपल्या चिपमध्ये आठ बिटांपैकी वरचे चारच बिट वापरात आहेत, त्यामुळे प्राधान्य 5 हे रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या साठ्यात) हेक्स 50, म्हणजे दशमानात 80, दिसतं. कोणी डिबगरमध्ये ते पाहून ‘हे 80 कुठून आलं’ म्हणून तास घालवेल. ओएसची फंक्शनं वापरणाऱ्या इंटरप्टचा आकडा किती किंवा त्याहून मोठा हवा, तो इथे लिहिला, तोही रजिस्टरमधल्या आणि माणसाच्या अशा दोन्ही रूपांत.

19 जून

दिवसभर वीज नाही. लॅपटॉपची बॅटरी होती तेवढ्यात कॉमेंट करून ठेवलेला मेलेला कोड काढून टाकला. कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये सगळं आहे.

24 जून

मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये उत्तराची वाट 3 सेकंद पाहायची आहे, पण कोड ती सलग पाहत नाही. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे करून मध्ये वॉचडॉगला, म्हणजे वेळेत खूण न मिळाल्यास यंत्र रीसेट करणाऱ्या टायमरला, खाऊ घालतो. वॉचडॉगच्या फाइलीत तर ‘4 सेकंद’ लिहिलंय. मग तुकडे कशाला? रिव्ह्यूमध्ये धाकट्या सहकाऱ्याने विचारलं, “हे सलग करून टाकू का दादा, सोपं होईल?” विचारलं ते बरं झालं.

उत्तर जुन्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात सापडलं. या चिपचा स्वतंत्र वॉचडॉग आतल्या आरसी घड्याळावर चालतो. त्याचा नेहमीचा वेग 40 किलोहर्ट्‌झ, पण डेटाशीटप्रमाणे तो 30 ते 60 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. 64 ने भागून 2500 पर्यंत मोजलं तर 40 वर बरोबर 4 सेकंद होतात. तोच वेग 60 असेल तर 2.67 सेकंदांतच यंत्र रीसेट होईल, आणि 30 असेल तर 5.33 सेकंद लागतील. टेबलावरच्या बोर्डवर सलग 3 सेकंद व्यवस्थित चालतील आणि दाभोळच्या धक्क्यावरचा दुसरा बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होईल. ज्याने हे तुकडे केले त्याने नीट विचार करून केले होते. ते कारण मात्र कमिटमध्ये राहून गेलं, आणि कोड वाचताना कमिट कोण उघडतं?

आता ते कारण सी फाइलमध्ये, त्या लूपच्या वर आहे. वॉचडॉगच्या हेडरमध्ये ‘4 सेकंद’ काढून ‘किमान 2.6 सेकंद धरून चाला’ असं केलं. हा वॉचडॉग एकदा सुरू केला की रीसेटशिवाय थांबत नाही, हेही तिथेच लिहिलं, कारण बॅटरी वाचवण्यासाठी चिप झोपवायचा विचार कोणीतरी पुढे करणारच.

त्यानंतर दोन दिवस मी कमिटचे जुने संदेश वाचायला ठेवले आहेत. ‘का’ची उत्तरं असलेले संदेश निवडून त्या त्या ओळीच्या वर आणायचे.

1 जुलै

पावसाने जरा उघडीप दिली म्हणून गोवळकोटला जाऊन आलो. कनेक्टरमध्ये ओल आली आहे का ते बघायचं होतं. धक्क्यावर होडीवाले काका बसले होते. त्यांना म्हटलं, भरती किती चढली? म्हणाले, “काल तिसऱ्या पायरीला लागलं होतं, आज उधाण आहे, अजून एक पायरी घेईल.” पायरी हलत नाही, गावातल्या प्रत्येकाला ती माहीत आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात शंकेला जागा नाही.

आपल्या हेडरमध्ये लिहिलंय: ‘पाण्याची पातळी, मिलिमीटरमध्ये’. कशापासून मोजलेली ते कुठेच नाही. सेन्सर वरून खाली पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. ड्रायव्हर ते सेन्सरच्या उंचीतून वजा करतो, आणि ती उंची धक्क्यावर ठोकलेल्या खिळ्यापासून घेतलेली आहे. म्हणजे आपला शून्य हा खिळा. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांतली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासून, असते. नकाशांवरच्या जमिनीच्या उंच्या सरासरी समुद्रसपाटीपासून. तिन्ही शून्य वेगळे. आपला आकडा तक्त्यातल्या आकड्याशी थेट ताडून पाहणारा माणूस चुकीच्या निष्कर्षावर जाईल, आणि पुराच्या रात्री तसं होऊन चालणार नाही.

परत आल्यावर स्ट्रक्चरमधल्या त्या फील्डवर पूर्ण वाक्य लिहिलं: धन म्हणजे खिळ्याच्या वर, ऋण म्हणजे खाली, खिळा कुठे आहे ते त्या त्या धक्क्याच्या पानावर. प्रत्येक धक्क्याचं पान डॉक फोल्डरमध्ये उघडलं, फोटोसकट. चार्ट डेटमशी फरक जिथे मोजलेला आहे तिथे आकडा, मोजणीची तारीख आणि मोजण्याची पद्धत. जिथे मोजलेला नाही तिथे ‘मोजलेला नाही’.

त्याच ड्रायव्हरमध्ये कॉमेंट होती, ‘ध्वनीचा वेग 343 धरला आहे’. कोडमध्ये मात्र तापमानाप्रमाणे वेग काढलेला आहे, 331.3 अधिक 0.606 गुणिले तापमान. 343 हा साधारण 20 अंशांचा वेग. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 33 अंश असताना तो 351 च्या पुढे जातो, आणि 343 च धरला तर 4 मीटर अंतर साडेनऊ सेंटीमीटरने कमी दिसतं, म्हणजे पाणी तेवढं वर दिसतं. कोड बरोबर आहे, कॉमेंट सुधारणेच्या आधीची राहिली आहे. कॉमेंट खरी मानून कोणी कोड ‘दुरुस्त’ केला असता तर? आकडे कॉमेंटमध्ये लिहायचेच नाहीत, नाव दिलेल्या कॉन्स्टंटमध्ये ठेवायचे आणि कॉमेंटमध्ये फक्त तो कुठून आला ते सांगायचं, हा नियम आज झाला.

9 जुलै

टिकचा, म्हणजे ओएसच्या घड्याळाच्या ठोक्यांचा, काउंटर 32 बिटांचा, दर मिलिसेकंदाला एक. तो 49 दिवस 17 तासांनी पुन्हा शून्यावर येतो. ऑफिसातला बोर्ड इतका वेळ कधी चालू राहत नाही. धक्क्यावरचा राहतो: मे अखेरीस चालू केलेल्या यंत्रात हा क्षण ऐन जुलैत येतो, पावसाच्या भरात. कोड वजाबाकी करून वेळ ताडतो, त्यामुळे काही बिघडत नाही. पण ती वजाबाकी का आहे, थेट ‘पेक्षा मोठा’ का नाही, हे ओळीवर नव्हतं. लिहिलं. त्याबरोबर चाचणीच्या बिल्डमध्ये काउंटर शून्याच्या एक मिनिट आधीपासून सुरू करायची सोय केली आणि कॉमेंटमध्ये त्या चाचणीचं नाव दिलं. कॉमेंटमधल्या दाव्याला चाचणीचा आधार देता येतो तिथे तो द्यायचाच.

15 जुलै

दाभोळच्या बोर्डवरच असलेल्या पर्जन्यमापकाची फंक्शनं पानांवर दिसत नव्हती. ती इफडेफच्या, म्हणजे ठराविक मॅक्रो असला तरच कोड घेणाऱ्या अटीच्या, आत आहेत, आणि डॉक्सिजनला ते मॅक्रो माहीत नसल्याने त्याच्या दृष्टीने तो कोडच नव्हता. ‘प्रीडिफाइन्ड’ यादीत मॅक्रो टाकले. नवीन बोर्ड आला की ही यादीही वाढवायची, हे बोर्ड जोडण्याच्या पानावर लिहिलं.

डॉक्सिजनच्या सूचना आजपासून बिल्ड पाडतील. यावर बराच वेळ बोलणं झालं. ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या की सक्ती केली की लोक जागा भरायला काहीही लिहितात, आणि ‘आय एकने वाढव’ छापाच्या कॉमेंटचा ढीग पडतो. त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून सक्ती सार्वजनिक हेडरपुरतीच ठेवली, सी फाइलींना लावली नाही. आणि रिव्ह्यू करणाऱ्याने निरुपयोगी कॉमेंट काढायला सांगायची, तेवढाच अधिकार कॉमेंट मागायचाही. मला स्वतःला त्याहून कडक नियम हवा होता, पण चार माणसांच्या टीममध्ये सगळ्यांना पाळावासा वाटेल असाच नियम टिकतो.

23 जुलै

यंत्र बसवणाऱ्यांसाठीची पुस्तिका मराठीत लिहायला घेतली. कोडमधल्या कॉमेंट इंग्रजीतच राहतील. पण धक्क्यावर शिडी लावून सेन्सर बसवणारा आणि दिव्याच्या लुकलुकण्यावरून बिघाड ओळखणारा माणूस दाभोळचा आहे. त्याला हिरवा दिवा दोनदा लुकलुकला तर काय करायचं ते वाचताना अडखळायला नको. दिव्यांच्या खुणांचा तक्ता हाताने लिहिला नाही. तो कोडमधल्या एनमवरून एका छोट्या स्क्रिप्टने तयार होतो, मराठी ओळी शेजारच्या फाइलीतून येतात, आणि एखाद्या खुणेची मराठी ओळ नसेल तर स्क्रिप्ट थांबते. एचटीएमएल पानात देवनागरी व्यवस्थित येतं, तेच छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून खोक्याच्या झाकणाच्या आत चिकटवायचं. झाकण उघडल्याशिवाय दिवे दिसत नाहीत, त्यामुळे कागदाची जागाही तीच.

वर्ड फाइली आता वाचण्यापुरत्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत मजकूर कुठे हलवला ते आहे.

5 ऑगस्ट

मालवणच्या टीमचा रडार ड्रायव्हर आला. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठल्यामुळे बंदरावर आता वर्दळ आहे, तरी त्यांनी मालवण जेटीवर जागा मिळवून बोर्ड लावला आणि भरती-ओहोटी मोजून पाहिली. स्टॅक, प्राधान्य, खिळ्याचा शून्य, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. ड्रायव्हरमध्ये ते सगळं बरोबर आहे. आमच्या खुणाही त्यांनी आपल्या फंक्शनवर लावल्या आहेत.

दोन ठिकाणी अडले. रडार सेन्सर आरएस-485 या तारांच्या जोडणीवर मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलतो आणि अंतर 32 बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकड्याच्या रूपात), म्हणजे 16-16 बिटांच्या दोन रजिस्टरमध्ये देतो. कुठलं रजिस्टर आधी ते प्रत्येक उत्पादक आपल्या मनाने ठरवतो, त्यामुळे ते सेन्सरच्या मॅन्युअलमध्येच बघावं लागतं. ते त्यांना माहीत होतं. त्यांचा प्रश्न असा होता की आपला मॉडबसचा थर रजिस्टर उलटवून देतो की जसे आले तसे. हेडरमध्ये नव्हतंच. जसे आले तसे देतो. लिहिलं, सोबत बाइटचं उदाहरण: हेक्स 40 49 आणि 0एफ डीबी असे आले तर ते 3.14159 कसं होतं ते एकेका पायरीने.

दुसरा प्रश्न अवघड होता. ‘बफर ताब्यात घेतं’ ही खूण पाहून त्यांनी विचारलं की रांग भरलेली असताना पाठवणं फसलं, तर बफर कोणाचा? खूण एवढंच सांगत होती की ताबा जातो. फसल्यावर काय, ते नव्हतं. कोड वाचला: फसल्यास ताबा पाठवणाऱ्याकडेच राहतो. रांगेचं एकच फंक्शन असं असतं तर तिथे एक ओळ टाकून भागलं असतं. पण टायमर आणि मोडेमकडेही अशीच फंक्शनं आहेत, आणि त्यातलं मोडेमचं फंक्शन फसल्यावर बफर स्वतःच मोकळा करतं. एकाच खुणेखाली दोन वागणुकी. खूण फोडून दोन केल्या: ‘यशस्वी झालं तरच ताबा घेतं’ आणि ‘काहीही झालं तरी ताबा घेतं’.

12 ऑगस्ट

मोडेमचं फंक्शनही रांगेसारखंच वागेल असं बदललं, त्यामुळे दुसरी खूण आता कोणावरच नाही. ती काढली. मालवणकडच्यांनी त्यांच्या ड्रायव्हरमध्ये त्या जागी दोनदा मोकळा केला जाणारा बफर दुरुस्त केला. रडारला हवेच्या तापमानाचा फरक पडत नसल्याने ध्वनीच्या वेगाचं गणित त्या बोर्डवर नको. तापमानाचा सेन्सर मात्र ठेवायचा, खोक्याच्या आतली उष्णता कळायला तो लागतो. कारण ड्रायव्हरच्या वर लिहिलं, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी अनावश्यक म्हणून तो काढेल.

राहिलेली कामं: कमी विजेच्या मोडचं पान, सर्व्हरला जाणाऱ्या पॅकेटचं पान, दाभोळच्या खिळ्याचा चार्ट डेटमशी फरक. तिसऱ्यासाठी पाऊस ओसरल्यावर लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं उपकरण) घेऊन जायचं आहे. पहिलं पान धाकटा सहकारी लिहितोय, वॉचडॉगपासून सुरुवात करून.